सिएटलहून गाडीने व्हँकुव्हर: मुलीचं एन्हान्स्ड लायसन्स पुरेल का?

मुलुंडकर:
मुलगी सिएटलला असते, अमेरिकन नागरिक आहे. जावयाचं ग्रीन कार्ड आहे. नात ६ वर्षांची, जन्म तिथलाच. आम्ही दोघं मुंबईहून बी१/बी२ (पर्यटक) व्हिसावर जाणार आहोत. सगळ्यांनी एकाच गाडीने ब्लेन या सीमेवरच्या गावातून कॅनडात व्हँकुव्हरला जायचा बेत आहे. मुलीचं एन्हान्स्ड लायसन्स (नागरिकत्वही दाखवणारं चिपवालं ड्रायव्हिंग लायसन्स) सीमेवर पासपोर्टऐवजी चालतं म्हणे. मग माझं आरटीओचं चिपवालं लायसन्स किंवा इंटरनॅशनल परमिट चालेल का?

सीमापार:
नाही चालणार. ही दोन्ही फक्त गाडी चालवायची परवानगी दाखवतात. एन्हान्स्ड लायसन्स देण्याआधी तिथलं राज्य अमेरिकन नागरिकत्वाचे पुरावे तपासतं, म्हणून त्याला सीमेवर किंमत आहे. मिशिगन, मिनेसोटा, न्यूयॉर्क, व्हरमाँट आणि वॉशिंग्टन या ५ राज्यांतच ते मिळतं.

मुलीच्या कार्डावर अमेरिकेचा झेंडा आहे का, ते आधी बघायला सांगा. वॉशिंग्टनच्या साध्या लायसन्सवर ‘फेडरल लिमिट्स अप्लाय’ असं छापलेलं असतं. ते सीमेवर नागरिकत्वाचा पुरावा ठरत नाही.

जावयांनी भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड दोन्ही घ्यावीत, कॅनडाचा व्हिसा लागत नाही. नातीला १६ वर्षांखालची म्हणून जन्मदाखला चालेल.

खरं काम तुमचं दोघांचं आहे. पासपोर्ट आणि अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसा तर हवाच, शिवाय कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा हवा. तो मुंबईतूनच करून जा. अर्ज ऑनलाइन, माणशी १०० कॅनेडियन डॉलर आणि बायोमेट्रिकचे ८५. बायोमेट्रिकचं पत्र आलं की ते घेऊन व्हीएफएस या व्हिसा अर्ज केंद्रात बोटांचे ठसे द्यायचे. मंजुरीनंतर व्हिसाच्या स्टिकरसाठी पासपोर्ट जमा करावा लागतो. लोक नेमके इथेच अडकतात: पासपोर्ट तिकडे आणि विमान दोन दिवसांवर. पुरेसे महिने हाताशी ठेवून अर्ज करा.

मुलुंडकर:
आभारी आहे. चिपवाल्या कार्डांसाठी रेडी लेन असते ना? तिथून लवकर सुटता येईल?

पेडर रोड:
तुमच्या गाडीला ती लेन नाही. त्या लेनमध्ये गाडीतल्या १६ वर्षांवरच्या प्रत्येकाकडे आरएफआयडी कार्ड, म्हणजे दुरून वाचता येणारी चिप असलेलं कार्ड लागतं. मुलीचं लायसन्स आणि जावयांचं ग्रीन कार्ड त्यात बसतं, पण तुमच्या पासपोर्टमुळे साधीच लेन घ्यावी लागेल.

चिपबद्दल लोक उगाच घाबरतात. तिच्यात नाव-पत्ता नसतो, फक्त एक क्रमांक असतो. त्यावरून अधिकाऱ्याच्या पडद्यावर माहिती उघडते. सोबत मिळालेल्या पाकिटात कार्ड असेल तर रीडरला क्रमांक वाचता येत नाही, म्हणून बूथपाशी येण्याआधी बाहेर काढायचं. कार्डाला भोक पाडू नये.

तरीही मुलीने पासपोर्ट बरोबर घ्यावाच, असं मी ठामपणे सांगेन. एन्हान्स्ड लायसन्स जमिनीवरून किंवा समुद्रमार्गे परत येण्यापुरतंच आहे. व्हँकुव्हरला कोणी आजारी पडलं आणि विमानाने परतायची वेळ आली, तर ते कामाचं नाही.

सीमापार:
आणखी एक. कॅनडाला जाऊन आल्यावर अमेरिकेतल्या मुक्कामाचे ६ महिने नव्याने मोजले जातील असं धरू नका. ३० दिवसांच्या आत परतलात तर साधारणपणे जुनाच आय-९४ (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल याची नोंद) पुढे चालू राहतो. निघण्याआधी त्यावरची तारीख ऑनलाइन बघून छापील प्रत घ्या. मुंबईच्या परतीच्या तिकिटाची प्रतही पासपोर्टमध्येच ठेवा. अमेरिकेत पुन्हा शिरताना अधिकारी भारतात कधी परतणार हे विचारू शकतो.