बी विंगमधल्या ताईंची रील

ए-१०३: बी-४०२ ताई, ती रक्ताच्या पिशवीची रील तुमचीच ना? सूनबाईच्या नर्सिंग बॅचच्या ग्रुपवर आली होती, आवाजावरून ओळखलं मी

बी-४०२: हो काका मीच 🙏 चेहरा नाही दाखवत, फक्त हात आणि पिशवी

सी-२०१: ताई राग मानू नका पण रक्त चढवणं ही काय रील बघून शिकायची गोष्ट आहे का

बी-४०२: राग कसला, बरोबरच आहे. नव्या माणसाला नाही हो शिकवत, ज्या सिस्टर आणि इंटर्न रोज रक्त लावतात त्यांच्यासाठी करते. लेक्चर असतं दुपारी, नाइट करून आलेली मुलगी तेव्हा झोपलेली असते, पण मोबाइल तिच्या हातात असतोच म्हणून एका रीलमध्ये एकच गोष्ट सांगते. पहिली रील नावावर होती. पेशंटला "तुम्ही पाटील ना?" विचारायचं नाही, ग्लानीतला माणूस कशालाही मान डोलावतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हणायचं, मग हातातला पट्टा, मग पिशवीवरचं लेबल, आणि हे दोघींनी पेशंटजवळ उभं राहून बघायचं. चुकीच्या ग्रुपचं रक्त जातं ते बहुतेक वेळा इथेच चुकल्यामुळे, लॅबमध्ये नाही

ए-३०५: मागच्या वर्षी हिच्यासाठी पिशवी मीच आणली होती ब्लड बँकेतून. सिस्टर म्हणाल्या वॉर्डच्या फ्रीजमध्ये ठेवा, संध्याकाळी लावू. चालतं का असं?

बी-४०२: अजिबात नाही दादा. लाल पेशींना २ ते ६ डिग्री लागतं, वॉर्डचा फ्रीज सारखा उघडतो आणि पिशवी बर्फाला चिकटली तर पेशी फुटतात. ३० मिनिटांत लावायची नाहीतर लगेच परत पाठवायची, लावली की ४ तासांत संपवायची आणि पहिली १५ मिनिटं पेशंटजवळून हलायचं नाही. प्लेटलेटचं उलट, त्या फ्रीजमध्ये ठेवायच्याच नाहीत, २० ते २४ डिग्रीला सतत हलवत ठेवतात. डेंग्यूच्या दिवसांत सगळ्यात जास्त मेसेज ह्याच्यावरच आले मला, आणि सगळे वॉर्डमधून, म्हणजे कळत नव्हतं पण विचारायला जागा नव्हती त्यांना

डी-५०१ डॉक्टर: काम चांगलं आहे, पण एक आकडा चुकला तर तो चुकीचाच फिरत राहतो. रीलखाली कमेंटमध्ये कोणी चुकीचं उत्तर लिहिलं तर तिथेच दुरुस्त करत जा. आणि पेशंटचा फोटो, पिशवीचा नंबर काही दिसता कामा नये

बी-४०२: हो सर, पिशवी मुदत संपलेली घेते आणि नंबर झाकते. टाकायच्या आधी आमच्या ब्लड बँकेचे डॉक्टर बघतात

डी-५०१ डॉक्टर: मग बॉम्बे ब्लड ग्रुप ह्या दुर्मिळ रक्तगटावर एक कराच. १९५२ मध्ये आपल्या मुंबईतच डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांना सापडला आणि आजही नुसत्या साध्या तपासणीत तो ओ म्हणून निसटतो. अशा पेशंटला ओ दिलं तर जीवावर बेततं, क्रॉसमॅच, म्हणजे पेशंटचं आणि पिशवीतलं रक्त जुळतं का ही तपासणी, का टाळायचा नाही ते ह्यावरून मुलांच्या पक्कं डोक्यात बसेल

बी-४०२: नक्की करते सर. ह्या रविवारची रील रक्त चढवताना येणाऱ्या रिअॅक्शनवर आहे. थंडी वाजली, कंबर दुखायला लागली, दम लागला की आधी रक्त बंद, सुई काढायची नाही, नव्या सेटने सलाईन चालू, मग डॉक्टरांना हाक. पिशवी फेकायची नाही, ब्लड बँकेला पाठवायची. क्लबहाउस मिळेल का अर्धा तास? घरी कुकरच्या शिट्ट्या येतात मधे

सी-२०१: चावी माझ्याकडे आहे ताई, ११ ला उघडून ठेवतो. पंखा बंद ठेवू ना, आवाज येतो त्याचा