परराज्य, परदेश की परमुलूख?

एक कादंबरी लिहितेय. फँटसी म्हणा, अद्भुतरम्य म्हणा. नायिका आपलं राज्य कायमचं सोडते, शेजारच्या राजाच्या हद्दीत जाते आणि तिथे नव्याने आयुष्य उभारते. पहिल्याच पानावर अडलेय. 'ती परराज्यात आली' असं लिहिलं की 'परराज्यातील वाहनांची तपासणी' ही बातमी आठवते. 'परदेशात आली' म्हणावं तर पासपोर्ट नि विमानतळ. काय वापरावं? आणि अशा नव्याने आलेल्या बाईला म्हणायचं काय? 'निर्वासित' नको, तिला कुणी हाकललेलं नाही.

—

परमुलूख.

घोटाळा 'राज्य' या शब्दाने केलाय. राजाचं ते राज्य, पण राज्यघटनेतल्या घटकराज्यांनाही तोच शब्द मिळाला आणि त्यातला राजा हळूहळू दिसेनासा झाला. 'मुलूख' अरबी 'मुल्क'वरून आलेला. त्यात सरकारी कचेरी नाही, जमीन आणि माणसं आहेत. फक्त लक्षात ठेवा, मूळ शब्द मुलूख, पण प्रत्यय लागला की मुलखात. दीर्घ ऊ पुढे राहत नाही. आणि 'मुलूखगिरी' जपून. हल्ली भटकंतीला सर्रास म्हणतात, पण मुळात ती फौज घेऊन केलेली स्वारी. हातात एक गाठोडं घेऊन निघालेल्या बाईने मुलूखगिरी केली असं लिहिलंत तर बखरी वाचणारे हसतील.

'संस्थान'ही नको. त्याच्या दरबारात कोपऱ्यात इंग्रज रेसिडेंट बसलेला दिसतो.

—

माणसासाठी 'उपरी' बघा. जुन्या गावगाड्यात मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, आणि बाहेरून येऊन कसणारा, जमिनीवर कायमचा हक्क नसलेला तो उपरी. 'उपरा' आज जास्त ओळखीचा, पण त्यात हिणवणं आहे. 'उपरी' हा दप्तरातला कोरडा शब्द. शिवाय त्यात तुमचं कथानकही तयार आहे: ही मिरासदार होणार की उपरीच राहणार?

जाता जाता, 'वतन' हिंदीच्या नादाने वापरू नका. तिकडे ती मायभूमी, आपल्याकडे पिढीजात हक्काची नेमणूक नि जमीन. 'तिला वतनाची याद आली' वाचून वाटेल, बाई वाटणीचा दावा लावतेय.

—

वा! मग हे वाक्य कसं वाटतं? 'जुन्या राज्याला रामराम ठोकून तिने परमुलखात पुनश्च हरिओम केलं.'

—

तुमच्या त्या जगात राम आहे का? हरी आहे का? नसतील तर वाक्प्रचारातून ते आत कसे शिरले? 'श्रीगणेशा केला'चंही तेच. 'पुनश्च हरिओम' तर आणखी अवघड. १८९९ साली टिळक तुरुंगवासानंतर पुन्हा केसरीत लिहू लागले, तेव्हाच्या अग्रलेखाचं ते शीर्षक. नायिकेच्या जागी पगडी दिसायला लागेल.

—

हे अती झालं. 'रामराम ठोकणे' इतकं घासून गुळगुळीत झालंय की बोलणाऱ्याला त्यात राम दिसतच नाही. या हिशेबाने शनिवारही काढावा लागेल.

—

बोलताना दिसत नाही, कबूल. पण परक्या जगाची गोष्ट वाचणारा प्रत्येक शब्दाकडे संशयाने बघतो, कारण त्याला ते जग शब्दांतूनच जुळवायचं असतं. शनिवार मीही काढला असता.

'हरिओम'च्या जागी दोन शब्द आहेत, पण ते एक नव्हेत. बिऱ्हाड पहिल्या संध्याकाळीच करता येतं: चूल मांडली, अंथरूण टाकलं, झालं. उद्या उठून हलवताही येतं. विंचू तर ते पाठीवरच घेऊन फिरतो. बस्तान बसायला वर्षं लागतात. ओळखी व्हाव्या लागतात, उधारी मिळावी लागते. पहिल्या प्रकरणात बिऱ्हाड करू द्या, बस्तान शेवटाकडे.

—

शनिवार ठेवतेय, राम काढला. आता असं आहे: 'जुन्या राजाच्या हद्दीकडे पाठ फिरवून तिने परमुलखात बिऱ्हाड केलं. वेशीवरच्या कारकुनाने वहीत लिहिलं, बाई एक, गाठोडं एक, उपरी.'

—

'हद्द' अरबी, 'कारकून' फारसी. 'मुलखा'शेजारी शोभतात, राहू द्या.