एकट्याने लेझर रेस, मुंबई हार्बर: पहिल्यांदाच उतरतोय, कुणी केलंय का?

सांताक्रूझचा_खलाशी:

नमस्कार मंडळी. इथे ट्रेकिंगवाले ढीगभर आहेत, शिडाच्या बोटीवाले किती ते माहीत नाही, तरी विचारतो. मागच्या सीझनला कुलाब्याला सेलिंग शिकलो, आधी दोघांच्या बोटीत आणि मग लेझरवर, म्हणजे एकट्याने चालवायच्या छोट्या शिडाच्या बोटीवर (आता तिला इल्का म्हणायचं म्हणे, पण धक्क्यावर सगळे लेझरच म्हणतात). येत्या रविवारी एकेकट्याची रेस आहे, दुपारी दोनला स्टार्ट, गेटवेच्या पुढे हार्बरमध्ये, वाऱ्याकडच्या बोयाला (तरंगत्या खुणेला) वळसा घालून खाली यायचं आणि परत वर. जोशात नाव देऊन बसलो आणि आता पोटात गोळा आलाय.

बोट चालवता येते, टॅक, जाइब (बोटीचं नाक किंवा पाठ वाऱ्यातून फिरवून बाजू बदलणं) जमतात, उलटली तर सरळही करतो. पण दोघांत असताना एक जण शीड सांभाळतो, दुसरा सुकाणू. इथे शीट (शीड ओढायची दोरी) एका हातात, टिलर (सुकाणूचा दांडा) दुसऱ्या हातात, घड्याळ मनगटावर, वर मागून येणारी एलिफंटाची लाँचपण आपणच बघायची. त्यात स्टार्टला पंधरा-वीस बोटी एकमेकांना खेटून उभ्या असतात ते लांबून बघूनच धडकी भरते.

तर प्रश्न असे की स्टार्टला नवख्याने नेमकं कुठे थांबायचं, भरती-ओहोटीचा किती विचार करायचा की तो फक्त मोठ्या बोटींचा मामला, आणि माझं वजन ७० आहे तर मोठं शीड घेऊ की छोटं? की सरळ हा सीझन बघत बसू आणि पुढच्या वर्षी उतरू?

—

उंटावरचा_शहाणा:

पुढच्या वर्षी उतरा. दिलीप दोंदे इथूनच निघून २००९-१० मध्ये एकटे पृथ्वी फिरून आले, अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता, तुम्हाला गेटवेसमोर दोन बोये फिरायला पोटात गोळा! गंमत करतोय हो, पण खरंच, मरीन ड्राइव्हवर भेळ खात बघण्यात पण मजा असते.

—

जुना_फायरबॉल:

उंटावरून खाली या आधी. आणि रेस मरीन ड्राइव्हवरून दिसणार नाही, ती पूर्वेच्या बाजूला आहे.

सांताक्रूझकर, उतरा. १९८२ च्या आशियाडचं सेलिंग इथे मुंबईतच झालं, फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉलमध्ये (दोघांची शिडाची बोट) गोल्ड घेतलं, तेव्हापासून हे पाणी बघतोय. रेस बघून रेस येत नाही हो कुणाला.

स्टार्टचं सांगतो, कारण नवखे तिथेच गांगरतात. पाच मिनिटं आधी क्लासचा झेंडा चढतो, चार मिनिटांना निळा झेंडा, मध्ये पांढरा चौकोन, तो एक मिनिट राहिलं की उतरतो आणि शून्याला क्लासचा झेंडा खाली. भोंगाही वाजतो पण घड्याळ झेंड्यावर लावायचं, भोंग्यावर नाही. भोंगा कधी वाजतच नाही, कधी फेरीबोटीच्या इंजिनात ऐकू येत नाही, आणि नियमाने झेंडाच धरतात. पाचला घड्याळ चुकलं तर चारच्या झेंड्याला परत लावा, त्यात काही कमीपणा नाही.

सगळे अनुभवी लोक रेस घेणाऱ्या कमिटीच्या बोटीशेजारी गर्दी करतात, तिथे जाऊ नका. स्टार्टच्या लाईनीच्या मध्यापासून थोडं डाव्या टोकाकडे, जिथे पाणी मोकळं दिसेल तिथे, स्टारबोर्ड टॅकवर म्हणजे वारा उजवीकडून घेत, शीड सैल सोडून फडफडत उभं राहायचं. स्टारबोर्डवर आहात म्हणजे पोर्टवाल्याने, वारा डावीकडून घेणाऱ्याने, तुम्हाला वाट द्यायची. मात्र तुमच्या खालच्या बाजूला, वारा जातो तिकडे, कुणी स्टारबोर्डवरचाच असेल तर त्याला तुम्ही वाट द्यायची. या दोन गोष्टी डोक्यात पक्क्या असल्या की पहिल्या रेसचं अर्धं रूलबुक झालं. कुणी ओरडलं तर घाबरू नका, तिथे सगळेच ओरडतात, संध्याकाळी तोच माणूस चहा पाजतो.

दुसऱ्या बोटीला वाट न दिल्याचं लक्षात आलं तर बाजूला जाऊन शिक्षा म्हणून बोटीच्या दोन गिरक्या, बोयाला नुसता स्पर्श झाला तर एक. वाद घालण्यापेक्षा गिरकी स्वस्त पडते.

—

कोळीवाड्यातला:

भरती-ओहोटी मोठ्या बोटींचा मामला?? दादा, उलट आहे. मोठ्या बोटीला इंजिन असतं, तुला काय आहे?

रविवारची तिथी बघ. चतुर्दशी आहे, सोमवारी अमावस्या. आमच्यात हिशोब सोपा, तिथीला पाऊणने गुणायचं. चौदा पाऊणे साडेदहा, म्हणजे भरती साडेदहाच्या आसपास पूर्ण. अर्धा तास इकडेतिकडे होतो, टाईड टेबल बघच, पण अंदाज हाच. तिथून सहा तास ओहोटी. आणि पाणी सगळ्यात जोरात कधी पळतं तर मधल्या दोन तासांत, म्हणजे साडेबारा ते अडीच. तुझा स्टार्ट दोनला. बरोबर त्या धारेत सापडणार तू. त्यातून उधाणाचं पाणी, अष्टमीच्या भांगाचं (कमी चढउताराचं) असतं तर एवढं बोललोच नसतो.

ओहोटी हार्बरमधून बाहेर, साधारण दक्षिणेला ओढते, हार्बरच्या तोंडाकडच्या सनक रॉकच्या दिशेने. वारा डिसेंबर-जानेवारीत सकाळी जमिनीवरून येतो, अकरा-बाराला मरतो, मग एक-दीडनंतर वायव्येचा सुरू होतो. तो उशिरा आला तर स्टार्टच्या आधीच लाईनीच्या खाली वाहून जाशील आणि हलक्या वाऱ्यात परत वर यायला घाम फुटेल. म्हणून थांबायचं ते लाईनीच्या जवळ, आणि पाणी येतंय त्या बाजूला. भरतीच्या दिवशी उलटं, तेव्हा पाणीच तुला झेंड्याआधी लाईनीपलीकडे ढकलतं आणि अख्खी फ्लीट परत बोलवावी लागते.

पाणी कुठे जातंय ते बघायला मशीन नको. नांगर टाकलेल्या बोटी बघ, सगळ्यांची तोंडं एका दिशेला, पाणी तिकडून येतंय. सगळ्या आडव्यातिडव्या असतील तर पाणी पडलंय, म्हणजे थांबलंय, आता फिरणार. बोया जवळून बघ, ज्या बाजूला पाणी आपटून चढतं ती वरची बाजू, दुसऱ्या बाजूला फेसाची शेपटी असते. शेपटी लांब तर ओढ जास्त.

आणि करंजा-मोऱ्याकडे सरकलास तर प्लास्टिकच्या कॅनच्या रांगा दिसतील, खाली डोल (आमचं पिशवीसारखं जाळं) लावलेली असते. दोन कॅनच्या मधून जाऊ नकोस. तुझा सेंटरबोर्ड (बोटीखालची उभी फळी) अडकेल आणि आमचं जाळं फाटेल, शिव्या दोघांना.

—

ऑप्टीची_आई:

वरच्या दोघांनी महत्त्वाचं सांगितलंच आहे. मी मुलीला ऑप्टिमिस्टवर (मुलांची छोटी शिडाची बोट) सोडायला जायचे आणि धक्क्यावर बसून कंटाळून स्वतःच शिकले, त्यामुळे माझं सगळं "नवख्याच्या" बाजूने आहे.

वजनाचं: ७० किलोला छोटं शीड, म्हणजे इल्का ६. बोटीचा सांगाडा तोच, ४.२३ मीटर, फक्त शीड आणि डोलकाठीचा खालचा तुकडा बदलतो. इल्का ७ चं शीड ७.०६ चौरस मीटर, ६ चं ५.७६. कागदावर फरक एवढासा वाटतो पण तीन वाजता वायव्येचा अंगात आला की कळतं. विष्णू सरवणन २०२३ ला हांगझोच्या एशियाडमध्ये ७ वर ब्रॉंझ घेऊन आला, पण तो सैन्यातला माणूस, रोज तासन्‌तास बोटीबाहेर लटकतो, आपण शनिवार-रविवारवाले. ऑफिसमधल्या खुर्चीने कमावलेल्या मांड्या पहिल्या बीटलाच, म्हणजे वाऱ्याविरुद्ध वर जातानाच, थरथरायला लागतात. एकच की दोन्ही शिडांना एकत्र स्टार्ट देतात की वेगळा ते आधी विचारून घ्या.

आता जे कुठल्या पुस्तकात नाही ते. आपल्या हार्बरमध्ये बोट अचानक जड वाटायला लागली, बाजूचे सटासट पुढे जातायत आणि तुमचं सगळं बरोबर आहे तरी सरकत नाही, तर ९० टक्के वेळा सेंटरबोर्डला नाहीतर सुकाणूला पिशवी अडकलेली असते. दुधाची, गुटख्याची, निर्माल्याची, काहीही. सेंटरबोर्ड एक क्षण अर्धा वर खेचा आणि परत खाली दाबा, निघून जाते. सुकाणूची मात्र हात घालून काढावी लागते. ते स्टार्टच्या आधी एकदा करूनच घ्या. माझ्या ओळखीत असे लोक आहेत जे अख्खी रेस शिडाला दोष देत आले आणि किनाऱ्यावर सुकाणूला नायलॉनचं जाळं निघालं.

दुसरं म्हणजे गेटवेच्या जवळ वारा पश्चिमेकडून इमारतींवरून उतरतो, ताजच्या टॉवरच्या आडोशाला खड्डा असतो आणि तो संपला की फटका येतो. किनाऱ्याला चिकटून पाणी कमी ओढतं हे खरं, त्यामुळे मोह होतो, पण तिथे शीट कधीही हातातून सोडायच्या तयारीत राहा. क्लीटमध्ये (दोरी पकडणाऱ्या खाचेत) अडकवून निवांत बसू नका.

उलटलात तर घाईने सेंटरबोर्डवर उडी मारू नका, आधी शीट मोकळी आहे ना बघा, नाहीतर सरळ झालेली बोट लगेच दुसऱ्या बाजूला झोपते. आणि पूर्ण पालथी होऊ देऊ नका हो, उथळ जागी ओहोटीला डोलकाठीचं टोक चिखलात रुतून बसतं. तसं झालंच तर जोर लावून उपटायला जाऊ नका, काठी वाकते. बोटीला धरून राहा, हात हलवा, रेस्क्यू बोट येते. बोट सोडून पोहत किनाऱ्याकडे निघायचं नाही, किनारा कितीही जवळ दिसला तरी, ओहोटीत तर अजिबात नाही.

लाईफजॅकेट घट्ट, शिट्टी त्यालाच बांधलेली, चष्म्याला दोरी, पाण्याची बाटली बोटीला बांधलेली. जेवण हलकं. पोटभर जेवून लटकता येत नाही, हे सांगायची गरज नाही पण सांगते.

—

सांताक्रूझचा_खलाशी:

बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. तिथीचा हिशोब तर आईलापण सांगितला, ती म्हणाली हे तुझ्या आजोबांना माहीत होतं, तुम्हालाच ॲप लागतं.

इल्का ६ घेतो, क्लबला मेसेज टाकलाय. आता दोन शंका. ओहोटीत वरच्या बोयाला पोहोचताना काय करायचं? सरावात नेहमी बोया आता मिळाला आता मिळाला वाटतं आणि शेवटी खालून निघून जातो. आणि फेरीचं काय? रेस चालू आहे म्हणून ते थांबणार थोडेच.

—

जुना_फायरबॉल:

फेरी थांबणार नाही, आणि चॅनलमधून येणारं जहाज तर थांबूच शकत नाही. रेसचे नियम रेसमधल्या बोटींपुरते, बाकी जगाला समुद्राचे नियम, आणि त्यात लिहिलंय की अरुंद चॅनलमध्ये शिडाच्या बोटीने मोठ्या जहाजाच्या वाटेत यायचं नाही. शिडाला हक्क वगैरे किनाऱ्यावर बोलायचं. एकट्याच्या बोटीत शिडामागची अर्धी बाजू दिसत नाही, म्हणून दर थोड्या वेळाने वाकून बूमच्या (शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या) खालून बघायची सवय लावा. टॅक मारायच्या आधी तर नक्कीच. लाँचची लाट आली तर तिला आडवं जाऊ नका, तिरकं घ्या, आणि अंग मागे टाका म्हणजे नाक पाण्यात घुसत नाही.

—

कोळीवाड्यातला:

बोयाचं मी सांगतो. बोयाच्या मागे किनाऱ्यावरची एखादी गोष्ट धर, इमारत, क्रेन, काहीही जे हलत नाही. बोया आणि ती इमारत एका रेषेत राहिली तर तू सरळ बोयावर चाललायस. बोया इमारतीच्या वाऱ्याकडे, म्हणजे वर सरकायला लागला तर पाणी तुला खाली नेतंय, बोटीचं तोंड कुठेही असू दे. तोंडावर विश्वास ठेवलास की संपलं.

ओहोटीत शेवटचा टॅक तुला वाटतं त्याच्या नंतर मार. वाटेल की आता झाला बोया, तेव्हा अजून दोन-तीन बोटलांबी तसाच पुढे जा आणि मग मार. थोडं जास्त गेलास तर शीड सोडून आरामात खाली येशील, कमी पडलास तर बोयाच्या खाली जाऊन दोन टॅक जास्त, आणि तेवढ्यात पाणी अजून खाली नेणार. बाकीचे लवकर टॅक मारताना दिसतील, मारू दे. पहिल्या फेरीला त्यातले निम्मे बोयाला घासतात आणि गिरक्या मारत बसतात.

खाली येताना मात्र उलटं होतं हे विसरू नकोस. वाऱ्याबरोबर आणि ओहोटीबरोबर येताना खालचा बोया धाडकन अंगावर येतो. सेंटरबोर्ड खाली करायचा, दोऱ्या आवळायच्या, ती सगळी कामं लवकर उरकून ठेव.

—

उंटावरचा_शहाणा:

मी उंटावरून उतरलो. रविवारी बघायला कुठे उभं राहायचं मग? रेडिओ क्लबच्या बाजूने दिसेल का?

—

ऑप्टीची_आई:

तिथून दिसेल पण शिडं बारीक दिसतात, दुर्बीण आणा. आणि सांताक्रूझकर, शिडावरचा नंबर इथे टाका, म्हणजे कुणाकडे बघून ओरडायचं ते कळेल.

—

सांताक्रूझचा_खलाशी:

बोट क्लबची आहे, नंबर शनिवारी संध्याकाळी मिळेल, टाकतो. टाईड टेबल आत्ता बघितलं, पूर्ण भरती १०:५२. कोळीवाड्यातले दादा, बावीस मिनिटांचा फरक फक्त.

—

कोळीवाड्यातला:

म्हणजे ओहोटीचा जोर एक ते तीनमध्ये. तू साडेबाराला पाण्यात उतर, सगळ्यांच्या आधी, आणि एकदा रिकाम्या बोयाला वर जाऊन ये. तेव्हा कुणी ओरडणारं नसेल.