मदत हवी आहे: डावखुऱ्या भावाची हरणासाठी पहिली रायफल, बोल्ट घ्यावी की लिव्हर की सेमी ऑटो?

लष्करवाली_ताई

नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरची, लष्करात दाणाओळीजवळ घर आहे. आधीच सांगून टाकते, प्रश्न इथल्या शिकारीचा नाहीये. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यापासून शिकार बंद आहे आणि ती तशीच बंद राहावी असं मला मनापासून वाटतं. प्रश्न धाकट्या भावाचा आहे, तो अमेरिकेत विस्कॉन्सिनला मॅडिसनजवळ राहतो, एच वन बी ह्या नोकरीच्या व्हिसावर आहे, वय ३१. त्याच्या ऑफिसातल्या एका मित्राच्या घरची उत्तरेकडे जंगलात जमीन आहे, तिथे ते लोक दर नोव्हेंबरला थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस हरणांच्या सीझनला जमतात, आजोबा मुलं नातवंडं सगळे, आणि यंदा त्यांनी ह्याला बोलावलंय.

आता तो मला रोज फोन करून विचारतो की ताई कुठली रायफल घेऊ, कारण घरात बंदुकीतलं थोडंफार कळणारी मीच. पण मला कळतं ते किती, तर क्लबात पॉइंट टू टू ने कागदावर नेम धरते तेवढं, आणि बाबांच्या लायसन्सवर आजोबांची जुनी ३१५ बोरची बोल्ट रायफल आहे ती दसऱ्याला पुसून तेल लावून ठेवते. जिवंत जनावरावर मी कधी गोळी झाडलेली नाही.

त्याच्यापुढे तीन गोष्टी आहेत. एक म्हणजे मित्राच्या वडिलांची लिव्हर ॲक्शन (चापाभोवतीची दांडी खालीवर करून पुढची गोळी भरायची), थर्टी थर्टी काडतुसाची, ती ते वापरायला द्यायला तयार आहेत. दुसरं दुकानदार म्हणतो सेमी ऑटो घे, पुढची गोळी आपोआप भरली जाते, त्यामुळे दुसरी गोळी पटकन जाते. तिसरं म्हणजे साधी बोल्ट, बाजूची मूठ हाताने मागेपुढे करून भरायची. आणि मुख्य अडचण ही की तो डावखुरा आहे. लहानपणी सुट्टीत बाबा आम्हाला रिकामी रायफल हातात द्यायचे तेव्हा हा डाव्या खांद्याला लावायचा आणि मग उजव्या बाजूचा बोल्ट उघडायला डावा हात वरून पलीकडे नेत बसायचा, दस्ता गालावरून सुटायचा, नळी जमिनीकडे जायची, बाबा ओरडायचे. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीये.

दुसरी गोळी ह्या विषयावर मी एवढी का अडून बसलेय तेही सांगते. आजोबांनी शिवपुरी रस्त्याला परमिटवर एक सांबर मारायला घेतलं होतं, कायदा यायच्या बऱ्याच आधी. पहिली गोळी मागे पोटात बसली. दुसरीसाठी बोल्ट मागे घेऊन पुढे ढकलला तर काडतूस आत जाईचना, अर्ध्यावर अडकलं. ३१५ च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते, भरताना वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात, घाईत भरलं होतं त्यांनी. सांबर गेलं. आजोबा आणि गावचा एक माणूस दोन दिवस रक्ताचे थेंब शोधत फिरले आणि तिसऱ्या दिवशी गिधाडं उतरली तेव्हा सापडलं. आजी सांगायची की त्यानंतर त्यांनी रायफल भिंतीवर टांगली ती टांगलीच. म्हणून मला असं काहीतरी हवंय की हा पोरगा पहिल्या गोळीतच काम करेल, आणि नाहीच झालं तर दुसरी नक्की जाईल. खरंच मदत करा, सीझनला फार दिवस नाहीत.

महू_रिटायर्ड

ताई, फौजेत २२ वर्षं काढली, आता इंदुरात असतो. तुमच्या आजोबांचा किस्सा वाचून वाईट वाटलं, पण तो दोष बोल्टचा नव्हता, कडेच्या काडतुसाचा आणि भरण्याचा होता. आजच्या थ्री ओ एट किंवा सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमूरसारख्या काडतुसांना बाहेर आलेली कडच नसते, बुडाजवळ फक्त खाच असते, त्यामुळे मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसं भरून ठेवायच्या खणात, ती एकमेकांत गुंतत नाहीत. ती भीती मनातून काढून टाका.

आता बोल्ट का, ते सांगतो. आजच्या बहुतेक बोल्ट रायफली १८९८ च्या माउझरच्या वंशातल्या. पुढची दोन दातं फिरून नळीच्या मागे घट्ट बसतात, आणि हँडल वर उचलताना जो तिरपा खटका लागतो त्याने पुंगळी (झाडलेलं रिकामं काडतूस) चिकटली असेल तरी ओढून निघते. थंडीत, मळात, बर्फात हे फार कामाला येतं. तुमची जुनी रायफल ली एनफील्डच्या जातीची असेल तर बोल्ट पुढे ढकलताना शेवटी जोर लागत असेल बघा, स्प्रिंग तेव्हा ताणली जाते. माउझरवाल्यांत हँडल उचलतानाच ताणली जाते. भावाला हा फरक हाताला नवा वाटेल, रिकाम्या रायफलीवर शंभर वेळा करू दे.

आणि डावखुरा आहे ना, मग डाव्या हाताचीच बोल्ट घ्या, उजवीवर भागवू नका. सॅव्हेजची ११० ही १९५८ पासूनची रायफल, तिच्यात डावखुऱ्यांसाठी फार आधीपासून बनतात, रुगर अमेरिकन स्वस्तातली आहे तीही डावी मिळते. हात वरून न्यायला लागला की डोळा स्कोपवरून (वरच्या दुर्बिणीवरून) हटतो आणि जनावर कुठे गेलं तेच दिसत नाही.

पेन्सिल्वेनियाचा_पाहुणा

ताई मी इथे १४ वर्षं आहे, ११ सीझन केले. रायफल नंतर, आधी कागद बघा. एच वन बी वाल्याला अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक जवळ ठेवायलाच बंदी आहे, उसनी घेतलेली सुद्धा, पण ज्याच्याकडे एखाद्या राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स आहे त्याला ह्यातून सूट आहे. म्हणजे आधी लायसन्स, मग दुकान. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरताना तेच लायसन्स दाखवावं लागतं, आणि त्याची मुदत संपली की सूट पण संपली हे त्याला नीट समजावा, कारण व्हिसाचा प्रश्न आहे. शिवाय विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स केल्याशिवाय स्वतःच्या जोरावर लायसन्स मिळत नाही. तो आजच बुक करायला सांगा, सीझन जवळ आला की जागा भरतात.

आता लिव्हरबद्दल, मी स्वतः वापरलीय म्हणून लिहितो. डावखुऱ्याला लिव्हर चांगली, मधोमध असते, कुठल्याही हाताने चालते. थर्टी थर्टी हे १८९५ चं काडतूस आणि दीडशे यार्डांच्या आत हरणाला अजूनही पुरतं, उत्तर विस्कॉन्सिनच्या दाट झाडीत तेवढंच दिसतं. पण दोन गोष्टी. नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक झोपलेली असतात, पुढच्याच्या टोपीवर (जिच्यावर ठोका बसला की काडतूस उडतं) मागच्याचं टोक टेकलेलं, म्हणून टोकदार गोळी त्यात चालत नाही, बोथट टोकाची किंवा रबरासारख्या मऊ टोकाची खास बनवलेलीच हवी. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं, बाहेरचा घोडा, म्हणजे काडतुसावर ठोका मारणारा भाग. पहाटे शून्याखाली थंडी, हातात जाड मोजे, आणि अंगठ्याने ताणलेला घोडा हळूच खाली सोडायचा, हे नवख्याच्या अंगठ्यातून सटकलं की संपलं. रिकामी करायची तरी सगळी काडतुसं एकेक करून चेंबरमधून (नळीतल्या काडतुसाच्या जागेतून) फिरवून काढावी लागतात. बोल्टमध्ये मॅगझिन काढलं, बोल्ट उघडला, चेंबर डोळ्याने बघितला, झालं.

सेमी ऑटो वाईट नसते, धक्का कमी लागतो, पण जड, थंडीत तेल घट्ट झालं की कुरकुरते आणि डावखुऱ्याच्या गालासमोरून गरम पुंगळी उडते. दुकानदार दुसऱ्या गोळीचं आमिष दाखवतो ते मला पटत नाही. आमच्या पेन्सिल्वेनियात हरणाला सेमी ऑटो रायफल चालतच नाही, म्हणून इथल्या म्हाताऱ्यांकडे पंप ॲक्शन (नळीखालची पकड मागेपुढे करून भरायची) रेमिंग्टन ७६० घरोघर दिसते. विस्कॉन्सिनला तशी बंदी नाही, पण पहिल्या वर्षी नको.

सुखनिवास_रोड

पण मुळात मारायचं कशाला? इतकं गोड जनावर. ग्वाल्हेरच्या राजवाड्यात ते पेंढा भरलेले वाघ बघूनच मला कसंतरी होतं.

लष्करवाली_ताई

तुमचं दुखणं मला कळतं, मलाही ते वाघ बघवत नाहीत. शिवपुरीचं जंगल शिंदे सरकारांचं शिकारीचं रान होतं आणि आज तेच माधव व्याघ्र प्रकल्प आहे ह्याचा मला आनंदच आहे. पण तिथली गोष्ट वेगळी आहे हो. तिकडे पांढऱ्या शेपटीची हरणं इतकी वाढतात की शेती खातात, गाड्यांवर येऊन आदळतात, त्यात विस्कॉन्सिनला २००२ पासून हरणांना मेंदू पोखरणारा रोग सापडलाय. १९३७ पासून तिथे बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी वापरतात. भाऊ मांस घरी आणणार, डोक्याची तपासणी करून मगच खाणार. माझी चिंता एवढीच की जनावर तडफडू नये.

पाहुणा दादा, कागदाचं ऐकून पोटात गोळा आला, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तो तर ह्या रविवारी मित्राची रायफल घेऊन रेंजवर जाणार होता. लगेच फोन करून थांबवलं. काका, एक विचारते, दुसरी गोळी बोल्टने वेळेत जाते का?

महू_रिटायर्ड

सराव असेल तर दोन सेकंदात जाते. पण ताई, छातीत नीट बसली तरी हरीण पन्नास ते शंभर यार्ड पळतं, ते चुकलं असं समजू नका. हृदय फुप्फुसाची जागा साधारण जेवणाच्या थाळीएवढी, पुढच्या पायाच्या मागे. तेवढ्यात बसल्यावर अर्धा तास जागेवर बसून राहायचं, मग रक्त शोधायला निघायचं. लगेच मागे धावलं की जखमी जनावर अजून लांब जातं. आणि हो, गोळी झाडली की बोल्ट लगेच फिरवायचा, गाल न हलवता, मग बघायचं. ही सवय रायफलीपेक्षा मोठी.

पेन्सिल्वेनियाचा_पाहुणा

काकांशी सहमत. अंगाने बारीक असेल तर थ्री ओ एट ऐवजी सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमूर बघा, धक्का कमी, पोरगा दचकणार नाही. रात्री रायफल गरम खोलीत नेऊ नका, काचेवर बाष्प धरतं, थंड पडवीतच रिकामी करून कुलूप लावून ठेवा. कमरेच्या वर निम्मे कपडे भडक नारिंगी किंवा गुलाबी पाहिजेत, नियम आहे.

लष्करवाली_ताई

मंडळी, अपडेट देते. कोर्स बुक झाला, लेखी भाग ऑनलाइन आणि एक दिवस प्रत्यक्ष. लायसन्स हातात येईपर्यंत कुठल्याच बंदुकीला हात लावणार नाही असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. दुकानदाराने डाव्या हाताची बोल्ट, क्रीडमूर, बाजूला काढून ठेवलीय. मित्राच्या वडिलांना हे सांगायला त्याला संकोच वाटत होता, त्यांनी प्रेमाने देऊ केली होती ना, पण ते उलट म्हणाले की घोडा सोडताना त्यांचाच अंगठा एकदा सटकला होता, नळी जमिनीकडे होती म्हणून वाचले.

काल रात्री बाबांनी व्हिडिओ कॉलवर आजोबांची रायफल समोर धरली, रिकामी आहे हे दोनदा बघितलं, आणि बोल्ट सावकाश मागेपुढे करून त्याला दाखवला. तो तिकडे हातात लाटणं घेऊन डाव्या बाजूने तसंच करून बघत होता, गाल न हलवता.

आता फक्त एवढं सांगा, सरावाची डमी काडतुसं क्रीडमूरची वेगळी मागवावी लागतात का, की थ्री ओ एटची चालतील?

महू_रिटायर्ड

नाही ताई, क्रीडमूरचीच घ्या. दुसरी घालून बघू सुद्धा नका.