शाळेचा सुरक्षा आराखडा : सुरुवात नेमकी कुठून करावी?

प्रश्न – पालक सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती, चोपडा तालुका

आमच्या जिल्हा परिषद शाळेचा सुरक्षा आराखडा करण्याचा ठराव समितीने केला आहे. मात्र शेजारच्या शाळेचा आराखडा नाव बदलून जोडावा, असा काही सदस्यांचा आग्रह आहे. त्यात भूकंपावर पानेच्या पाने असली, तरी आमच्या आवारात वापर बंद करून उभी ठेवलेली जुनी खोली आणि कुंपणाला लागून असलेले केळीचे मळे यांचा उल्लेखही नाही. आधी काय हाती घ्यावे?

उत्तर – निवृत्त केंद्रप्रमुख, धुळे

आधी ती खोली. वर्गाला कुलूप लावले म्हणजे धोका संपला, असे कागदावर दिसते. परंतु आपल्याकडे मार्चपासून ऊन एवढे तापते की, आवारात झाड नसेल तर मुले मधल्या सुट्टीत नेमकी त्याच पडक्या भिंतीच्या सावलीत डबा खायला बसतात. 25 जुलै 2025 रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथील शाळेचे छत कोसळून सात मुलांचा मृत्यू झाला, आणि तेव्हा पावसाळा सुरू होता. म्हणून निर्लेखनाचा, म्हणजे ती खोली वापरातून रद्द करून पाडण्याचा, प्रस्ताव समितीच्या ठरावासह गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी द्यावा, बांधकाम विभागाच्या अभियंत्याकडून तपासणी मागावी, पोच जपून ठेवावी आणि मंजुरी येऊन खोली पाडली जाईपर्यंत भिंतीपासून पुरेसे अंतर सोडून काटेरी तारेचे नव्हे, तर साधे बांबूचे कुंपण घालावे. मुलांना बसण्यासाठी दुसरीकडे सावलीची सोय केल्याशिवाय ते कुंपण टिकणार नाही, हेही लक्षात असू द्यावे.

शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 22 नुसार शाळा विकास आराखडा करण्याची जबाबदारी समितीवरच आहे. दुरुस्तीची मागणी त्यात घातल्यास तिला आधार मिळतो. भूकंपाची पाने काढू नका, कारण खान्देश भूकंपप्रवणतेच्या तिसऱ्या विभागात गणला गेला आहे. फक्त ती मागे ठेवा.

उत्तर – आरोग्य सेविका, यावल

मळ्याबाबत सांगते. पावसाळ्यात साप शाळेत येतो तो बहुधा उंदरांच्या मागे, आणि उंदीर येतात पोषण आहाराच्या तांदळामुळे. तेव्हा धान्य झाकणाच्या कोठीत असावे आणि जळण किंवा विटांचा ढीग वर्गाजवळ नसावा. सर्पदंश झाल्यास चिरा देणे, आवळून बांधणे किंवा मांत्रिकाकडे नेणे हे तिन्ही टाळावे, अवयव हलू न देता 108 ला फोन करावा, आणि सर्पदंशावरचे औषध (प्रतिविष) जवळच्या कोणत्या रुग्णालयात उपलब्ध असते, हे आधीच विचारून फलकावर लिहावे.

स्वयंपाकघरही पाहावे. 16 जुलै 2004 रोजी कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकाच्या छपराला लागलेली आग वर्गांत पसरून 94 मुले दगावली.

प्रश्नकर्ते

आभारी आहे, ताई आणि सर. आमच्या स्वयंपाकघराचा दरवाजा थेट दुसरीच्या वर्गाच्या व्हरांड्यात उघडतो, याकडे आजवर कोणी पाहिलेच नव्हते. तो बदलेपर्यंत दुसरीचा वर्ग पलीकडच्या खोलीत हलवता येईल का?

उत्तर – निवृत्त केंद्रप्रमुख, धुळे

अवश्य. त्यासाठी वरिष्ठांच्या परवानगीची वाट पाहू नये. मुख्याध्यापकांशी बोलून उद्याच वर्ग हलवावा.