बिल्डिंगच्या मुख्य दाराला मॅग्नेट लॉक की स्ट्राइक? (बडोदा)

कारेलीबाग_सेक्रेटरी
नमस्कार मंडळी. आमची बिल्डिंग पाच मजली, २४ फ्लॅट. खाली एकच मुख्य दार, अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीचं. वॉचमन फक्त रात्री असतो. दिवसा कोणीही सरळ चौथ्या मजल्यापर्यंत येतं आणि दुपारी घरात बहुतेक म्हातारी माणसंच असतात. म्हणून दाराला इलेक्ट्रॉनिक कुलूप बसवायचं ठरलं. कोटेशन दोन आलीत: एकात फिंगरप्रिंट आणि ६०० पौंडी मॅग्नेट लॉक (दार विजेच्या चुंबकाने धरणारं), दुसऱ्यात कार्ड आणि इलेक्ट्रिक स्ट्राइक (चौकटीतली खाच, जी कुलपाची जीभ विजेने सोडते), ते थोडं महाग. ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात आमच्या पार्किंगमध्ये पाणी होतं, लाइटही नव्हती. तेव्हा लाइट गेल्यावर दाराचं काय, यावरच मीटिंग अडकली. दोघेही ‘बॅटरी आहे, काळजी नको’ एवढंच म्हणतात. कोणी नीट समजावेल का?

सुभानपुरा_बी_विंग
लॉकचं जाणकार सांगतील, मी फिंगरप्रिंटचं सांगते. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींचं बोट मशीन घेतच नाही. साबणाने रेषा झिजलेल्या. बिचाऱ्या बोट पदराला पुसतात, परत ठेवतात, परत लाल दिवा. मग कोणाच्या तरी घरची बेल वाजवायची. आजोबा-आजींचंही तेच. शेवटी त्यांना कार्डं दिली. नुसतं बोटावर चालणारं मशीन घेऊ नका.

लो_व्होल्टेज_बडोदा
सेक्रेटरीसाहेब, मी हीच कामं करतो. तुमची मीटिंग योग्य प्रश्नावर अडकली आहे.

मॅग्नेट वीज असेपर्यंतच धरतो. ६०० पौंड म्हणजे साधारण २७० किलोची पकड, पण वीज गेली की शून्य. तो १२ व्होल्टवर अर्धा अँपिअरच्या आसपास सतत खातो. सोबतची ७ अँपिअर-अवरची बॅटरी नवी असताना आठ-दहा तास धरा, दोन उन्हाळे गेले की बरीच कमी. म्हणजे पुरासारखी लांब लाइट गेली तर दार सताड उघडं. आगीच्या वेळी मात्र हाच गुण कामाचा, म्हणून मॅग्नेटचा पुरवठा फायर अलार्मने तुटला पाहिजे. शिवाय आतल्या बाजूला काच फोडायचा हिरवा डबा हवा आणि त्याने मॅग्नेटची वायर थेट तुटली पाहिजे. तो नुसता कंट्रोलरला, म्हणजे कुलूप चालवणाऱ्या सर्किटला, सिग्नल देत असेल, तर कंट्रोलर अडकला की माणसं आत अडकली.

स्ट्राइक दोन प्रकारचे मिळतात. तुम्हाला वीज गेल्यावर बंदच राहणारा हवा, आणि आतून साध्या हँडलने कधीही उघडणारं कुलूप. पळताना माणसाने कार्ड किंवा बटण शोधायचं नाही. माझ्या मते तुमच्या दाराला हेच बरं.

आणखी एक, जे कोटेशनमध्ये दिसत नाही. स्वस्तातल्या मशीनमध्ये कुलूप उघडणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, मशीनच्या पोटातच असतो आणि मशीन भिंतीवर बाहेर. दोन स्क्रू काढले, मागच्या लॉकच्या वायरी स्ट्राइक असेल तर एकमेकींना टेकवल्या, मॅग्नेट असेल तर तोडल्या, की दार उघडतं, बोटही नको न कार्डही नको. बाहेर फक्त कार्ड वाचणारा रीडर ठेवा, कंट्रोलर आत. कार्डही १२५ किलोहर्ट्झचं घेऊ नका, त्याची नक्कल सहज होते. १३.५६ मेगाहर्ट्झमध्येही जुन्या मायफेअर क्लासिक कार्डाचं कूटलेखन २००८ मध्येच फुटलंय. डेसफायर प्रकारचं कार्ड मागा.

कारेलीबाग_सेक्रेटरी
आतून हँडल, हे पटलं. पण बॅटरी संपल्यावर बाहेरून येणाऱ्याचं काय? आणि कंट्रोलर-बॅटरीची पेटी कुठे लावायची? विक्रेता पार्किंगमध्ये मीटरशेजारी म्हणतोय.

लो_व्होल्टेज_बडोदा
बाहेरून साधी किल्ली. स्ट्राइक बसवला तरी कुलपाचं सिलिंडर, म्हणजे किल्ली घालायचा भाग, राहतं. एक किल्ली वॉचमनकडे, एक-दोन कमिटीत.

पार्किंगमध्ये पेटी अजिबात नको, तुमच्याकडे पाणी शिरलेलं आहे. पहिल्या मजल्याच्या लँडिंगवर लावा. रीडरच्या वायरीला तेवढं अंतर काहीच नाही. लॉकची वायर मात्र जाड घ्यायला लावा. पातळ वायरीत व्होल्टेज पडतं, स्ट्राइक नुसता टक करतो आणि सुटत नाही. काम ताब्यात घेताना मेन स्विच पाडून बॅटरीवर दार उघडून दाखवायला सांगा. मग बॅटरीची वायर काढून किल्लीने बाहेरून, हँडलने आतून. हे सगळं तुमच्या समोर झाल्यावरच शेवटचा चेक द्या.

कारेलीबाग_सेक्रेटरी
आभारी आहे. पेटीची जागा आणि ही चाचणी दोन्ही वर्क ऑर्डरमध्ये लिहूनच घालतो.