अनुभव धागा : घर मोडलं, मग घरखर्चाचं काय झालं?

घटस्फोटाचा विषय निघाला की आपण स्वभाव, सासू, पत्रिका सगळं चघळतो. पैशाचं कुणी बोलत नाही. घर मोडल्यावर चूल कशी चालली, किंवा चूल चालेना म्हणून घर कसं मोडलं, ते इथे लिहा. उपदेश नको, आकडे चालतील. नावं टाळा.

बार्शीकडची : मला टाकलंय, घटस्फोट नाही. माझं आणि दोन पोरांचं नाव सासरच्या रेशनकार्डावर. माणशी ५ किलोप्रमाणे आमचं १५ किलो धान्य तिकडेच उचललं जायचं, कारण मशीनवर घरातल्या कुणाचाही अंगठा चालतो. नाव कमी करायला हेलपाटे घातले. वेगळं कार्ड झालं, पण धान्य नाही. इष्टांक, म्हणजे धान्य मिळणाऱ्यांचा सरकारी ठरलेला आकडा, भरलाय म्हणे. संजय गांधी निराधारचे महिना १५०० मिळतील असं वाटलं, तर वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. मी धुणीभांडी करून महिना तीन हजार कमावते. म्हणजे मी निराधार नाही!

बीड, ऊसतोडीच्या घरातला : आमच्यात उचल (मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे) आधी, भांडणं नंतर. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाप निघून गेला, आई अर्धा कोयता झाली, पण मुकादमाच्या वहीत उचल अख्खीच राहिली. ती फेडायला मी नववीतून फडात गेलो.

पुण्यातला एक बाप : दोन भाडी, दोन गॅस, पगार एकच. आमची गरिबी नाही, हे वरचं वाचून कळतंय.

वकील, मराठवाडा : पोटगीचं जुनं कलम १२५, जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १४४. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात सांगितलं, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्या, दोघांकडून मिळकतीचं शपथपत्र घ्या. नोकरदार सापडतो त्यात. पण सातबारा सासऱ्याच्या नावावर आणि नवऱ्याची कमाई रोखीची, तर शपथपत्रात काय येणार? ‘मजुरी, अनियमित.’

मडगाव : आमच्याकडे गोव्याच्या कायद्यात वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर मालमत्ता निम्मी-निम्मी. मावशीला त्याचा आधार वाटला होता. पण घर तिच्या सासऱ्यांच्या नावावर, वाटण्या झालेल्याच नाहीत. अजून भाड्याच्या खोलीत आहे ती.

वकील, मराठवाडा : म्हणजे तिकडेही सासराच आडवा आला.